चादरीची एक बाजू

ता. ९, रविवार
हॉस्पिटल, दुसरा मजला

थोरल्या,

आशीर्वाद. तू ठीक आहेस असं मी धरून चालते, कारण तुला विचारून आजवर काही कळलेलं नाही.

तीन पत्रं पाठवली तुला. तीन. दगडाला पाठवली असती तर तोही एव्हाना हलला असता. धाकट्याला मात्र महिन्यातून एकदा किनाऱ्याला लागलास की फोन. पुलाच्या खांबांना चिकटलेल्या शिंपल्यांचे फोटो त्याला, बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या गमती त्याला. मी तिथेच शेजारी असते. तुझा आवाज मला ऐकू येतो. 'आई कशी आहे' असं त्या आवाजातून एकदाही आलं नाही. मी आपली काहीतरी घडी घालत बसते, जी आधीच घातलेली असते.

हे अक्षर बघून घाबरू नकोस, ते माझं आहे. चौथीपर्यंतची शाळा, त्यातही चौथीत निम्मं वर्ष मी घरी भावंडं सांभाळत होते, त्यामुळे ओळी चढावर गेल्यात त्या जाऊ देत. आजवरची पत्रं धाकटा लिहायचा. मी सांगायचे, 'लिही, मेल्या, तुला जराही लाज नाही का,' आणि तो लिहायचा, 'तुझी फार आठवण येते.' मला वाचता येतं हे तो विसरतो. मी वाचायचे आणि तसंच पाकिटात घालायचे. म्हणजे ते मीच लिहिलं असं धर.

आज त्याला लिहिता येत नाही. उजव्या हाताला सुई लावलीय आणि उजव्या कुशीत, बरगड्यांच्या मधून, नळी घातलीय. तो जिवंत आहे. हे आधी सांगायला हवं होतं, राहिलं.

'दादाला कळवू नकोस,' म्हणाला. 'तो काम टाकून येईल.' मी म्हटलं, तो माझ्या नावानं उठून पाणीसुद्धा पिणार नाही, काम कुठलं टाकतोय. तो हसायला गेला आणि कळवळला. हसू नकोस असं डॉक्टरणीनं सांगितलंय त्याला. त्याच्यासारख्याला हे सांगणं म्हणजे शिक्षाच.

झालं ते नीट सांगते. मंगळवारी सकाळी आम्ही लाँड्रीत हॉटेलच्या मोठ्या चादरींवर होतो. तू गेल्यापासून माझ्या समोर घडीला तोच असतो. तुला आठवत असेल, दोघांनी दोन दोन कोपरे धरायचे, मागे सरायचं, एकदम झटका द्यायचा, मग पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा. त्या दिवशी पहिल्या चादरीपासून त्याचा उजवा कोपरा खाली. झटका दिला की चादर माझ्या बाजूनं ताठ आणि त्याच्या बाजूनं लोंबलेली. मी म्हटलं, हात वर धर, झोपेत आहेस का. तो म्हणाला, खांदा दुखतोय, सकाळी पायजमा चढवताना एकदम सुरी घुसल्यासारखं झालं. मी म्हटलं, पायजमा घालून खांदा दुखतो हे नवीनच ऐकते. चष्मेवाली हसली. ती अजून इस्त्रीच्या रोलरवरच आहे, चष्मा तेवढा जाड झालाय.

बुधवारीही तेच. शिवाय जिना चढताना मधे थांबला. आपला जिना. अकरा पायऱ्या. मी मागून पाण्याची बादली घेऊन येत होते, मी म्हटलं, वाट अडवू नकोस. त्याच्या पँटच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं होतं आदल्या आठवड्यात, त्यावरून चार शब्द तिथेच ऐकवले. तो काही बोलला नाही. धाकटा आणि गप्प. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मला बोलायची इतकी घाई असते की समोरचा गप्प झालाय हे मला फार उशिरा ऐकू येतं.

गुरुवारी दुपारी ओल्या चादरींचं गाठोडं उचलताना तो मटकन खाली बसला. उजवी बाजू धरून. दम लागला होता, वाक्य पुरं होत नव्हतं, दोन शब्द आणि थांबा, दोन शब्द आणि थांबा. सगळ्या जमल्या. चष्मेवाली म्हणाली, बरगडी लचकली, पट्टा बांधा.

पट्टा म्हटल्यावर तुझा हात इथेच थांबला असेल. तरी पुढे वाच.

मी रोलरवरची गरम चादर घेतली, लांब घडी केली, त्याच्या छातीभोवती गुंडाळली आणि आवळली. लाँड्रीत पट्टा बांधावा तर मीच, हे तुला माहीत आहे. पाठ धरली, बरगडी लचकली, बाया माझ्याकडेच येतात. एक पाय समोरच्याच्या पाठीला लावून मी गाठ मारते. गाठ मारली. आणि त्याचा हात गाठीवर आला. नखांनी ती सोडवायला बघत होता, आणि तोंडानं काही नाही, नुसते डोळे माझ्याकडे.

मी त्याच्या ओठांकडे बघितलं. निळे. मी ओल्या फडक्यानं ते पुसले. एकदा पुसले, परत जोरात पुसले. निघालं नाही.

कात्री आणायला कुणाला सांगितलं नाही. स्वतः धावले, नवीकोरी हॉटेलची चादर उभी कापली आणि मालकाच्या टेम्पोत घालून त्याला इथे आणलं. टेम्पोवाला म्हणाला, गाठोडी उतरवू दे आधी. मी त्याला काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. हे पत्र धाकटा लिहीत असता तर त्यानं लिहिलं असतं, 'टेम्पोवाल्या काकांनी खूप मदत केली.'

इथली डॉक्टरीण तुझ्याहून लहान दिसते. मला वाटलं, कुणाची मुलगी सोबत आलीय. तिनं त्याचा शर्ट कापला, छातीवर बोटं ठेवून ठोकलं, डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे रिकाम्या डब्यासारखं वाजलं, मला लांबून ऐकू आलं. मग मला म्हणाली, 'मावशी, त्याच्या पायाशी या. इथून बघा. काय दिसतं?'

मी बघितलं. डावी बाजू वर खाली होत होती. उजवी नुसती पडलेली.

थोरल्या, अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या चादरी बघते. एका बाजूला बोटभर कमी आलं तरी मला कळतं, मी परत उलगडायला लावते, मुकादमही माझ्यापुढे बोलत नाही. आणि माझ्या पोरग्याची एक बाजू तीन दिवस हलत नव्हती, तर मी त्याला कोपरा वर धर म्हणून सांगत होते.

तिनं समजावलं ते असं. फुप्फुसाच्या टोकाला बारीक फोड असतात काहींना, पातळ कातड्याचे. त्यातला एक फुटतो. मग आपण आत घेतलेली हवा त्या भोकातून बाहेर गळते आणि बरगड्यांच्या आत साठते, फुप्फुसाच्या बाहेरून. ती साठत जाते तसं फुप्फुस चेपत जातं आणि बसतं. कधी कधी इतकी साठते की हृदयालाही जागा राहत नाही. मी विचारलं, का फुटतो. म्हणाली, कारण लागतंच असं नाही. उंच, सडपातळ, तरुण, त्यात सिगारेट. अशांना जास्त. नुसता बसलेला असतानाही फुटू शकतो. मी विचारलं, पट्टा बांधला तर? ती म्हणाली, 'पट्टा? श्वास घ्यायला छाती फुगावी लागते, मावशी.' ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

नळीचं दुसरं टोक पलंगाखाली एका बाटलीत आहे, पाण्यात बुडवलेलं. आतली हवा तिथून निघते, बुडबुडे येतात. परवा सारखे येत होते, आज खोकला की चार येतात. ते थांबले की भोक मिटलं असं समजायचं. मी स्टुलावर बसून बाटलीकडे बघते. धाकटा म्हणतो, 'दादा तिकडे पाण्यात जाऊन बुडबुडे सोडतो, मी इकडे झोपून सोडतो. पगार त्यालाच.'

त्याच्या अंगावरची चादर आपल्याकडची आहे. कोपऱ्यात लाँड्रीच्या खुणेचा लाल दोरा आहे, मीच घातलेला.

डॉक्टरीण कागद भरत होती. वय, वजन, उंची. मग विचारलं, 'घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? वडील, भाऊ?'

मी म्हणाले, नाही.

नर्स बोलावतेय, येते.

आले. त्याला उठवून बसवायचं होतं. एक नर्स आहे, बुटकी, तिनं माझ्या देखत त्याला एका हातानं उचलून बसवलं. मी म्हटलं, तुम्ही आमच्याकडे घडीला या. ती म्हणाली, चादरी बोलत नाहीत ना, मग येते.

आता ते लिहिते. चहा घेतलाय, पेन बदललंय, आता काही कारण उरलेलं नाही.

तुझे बाबाही तुझ्यासारखेच. शिडी म्हणायचे त्यांना लाँड्रीत, वरच्या दोरीवरचं काढायचं तर शिडीला बोलवा. वजन तर काय, ओला कपडा त्यांच्याहून जड. तू जातानाही तसाच होतास, दारातून वाकून गेलास.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी त्यांची डावी बाजू धरली. रोलरवर उभे होते. तू म्हणालास, गाडी बोलावू. मी म्हणाले, चार वाजता टेम्पो येणार आहे, दोनशे अभ्रे व्हायचेत, त्यांना दरवर्षी असं होतं. दरवर्षी होत नव्हतं. मी बोलून गेले. मी पट्टा बांधला. तू म्हणालास, 'आई, बाबांचे ओठ बघ.' मी म्हणाले, निळीचा हात लागला असेल तोंडाला. सकाळी निळीच्या टाकीशी होतेच ते. सगळ्यांना पटलं. आपल्याकडे कुणाचं काय निळं नसतं, बोटं, बाह्या, कानसुद्धा. तुला पटलं नाही. तू गाडी आणायला पळालास आणि येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लोकांना मी हृदय सांगितलं. तुलाही तेच सांगत राहिले. तू म्हणालास, 'तू ऐकलं नाहीस,' आणि महिन्याभरात गेलास. मी म्हटलं, जा. पोरं बापामागे आईला दोष देतातच, असं मी चष्मेवालीला सांगितलं. ती हो म्हणाली. तिला काय माहीत.

तुलाही पुरतं माहीत नाही. तू गाडीसाठी धावलास ना, त्यानंतर त्यांचा हात गाठीवर आला होता. सोडवायला बघत होते. मी त्यांच्या हातावर चापट मारली. म्हटलं, राहू दे, दहा मिनिटं कळ काढा, आराम पडेल. आणि गाठ आणखी ओढली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. गुरुवारी धाकट्याचा हात गाठीवर आला तेव्हा मी त्याचा हात बघत नव्हते.

तू ऐकलं नाहीस म्हणालास, ते खरं होतं. माफी कशी मागतात ते मला येत नाही आणि तू देशील असंही नाही, तर ते राहू दे. पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

शनिवारी सकाळी डॉक्टरीण आली तेव्हा मी तिला म्हटलं, तो कागद परत काढा, मी खोटं सांगितलं. सगळं सांगितलं, चापटीसकट. मला वाटलं ती म्हणेल, हो, तेच होतं, किंवा म्हणेल, नाही हो मावशी, ते दुसरं. दोन्हीतलं एकही म्हणाली नाही. 'मी तेव्हा तिथे नव्हते, आता कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. पण जुळतंय,' म्हणाली. आता हे 'जुळतंय' घेऊन मी कुठे जाऊ? कुणाला परत विचारू?

मग ती म्हणाली, 'दुसरा मुलगा आहे म्हणालात. तोही उंच आहे? काय करतो?'

मी म्हटलं, पाणबुड्या आहे. पाण्याखाली पुलाचे खांब तपासतो, भेगा बुजवतो.

तिनं पेन खाली ठेवलं.

आता नीट वाच, घाईनं वाचू नकोस, हे मी दोनदा विचारून घेतलंय. घरात बापाला आणि भावाला असेल तर तुझ्याही फुप्फुसावर ते फोड असू शकतात. असतीलच असं नाही. असले तरी तुला काहीही जाणवणार नाही, म्हणून 'मी ठणठणीत आहे' हे मला कळवू नकोस, धाकटाही सोमवारपर्यंत ठणठणीत होता. कंपनीची दरवर्षीची तपासणी झाली असेल, साधा फोटो निघाला असेल, त्यात ते दिसत नाहीत. यंत्रात झोपवून आतला फोटो काढतात, तो लागतो. जमिनीवर फोड फुटला तर माणूस धाकट्यासारखा वाचतो, वेळेत आणला तर. पाण्याखाली वेगळं. खाली दाबाची हवा छातीत घेतलेली असते, वर येताना ती फुगते. फोडातली हवा बाहेर यायला वाट नसते. तो फुटतो, आणि तू अजून पाण्यात असतोस.

तिथे तुझ्या छातीवरची गाठ कोण कापणार?

आणि ही लक्षणं पाठ कर, तुझ्यासाठी आणि तुझ्या बरोबरच्यांसाठीही. एकाच बाजूला एकदम सुरी लागल्यासारखं दुखतं, श्वास आत घेतला की जास्त. ते खांद्यात जातं, म्हणून माणूस खांदाच दाखवतो. दम लागतो, दोन शब्दांवर थांबावं लागतं. जिन्यात थांबतो. ओठ निळे, आणि ते पुसून जात नाहीत. पायाशी उभं राहून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या उठतात का. नाही उठल्या तर बांधायचं नाही, चोळायचं नाही, शेकायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही, गाडीत घालायचं. कुणाचं ऐकायचं नाही म्हणजे माझंसुद्धा.

धाकटा सांगतो, सतरा तारखेच्या सोमवारपासून तुम्ही खोल पाण्यातल्या खांबांवर जाणार. तोवर वरची डागडुजी, बोटीवरच. म्हणजे अजून वेळ आहे.

काल दुपारी मी तुमच्या कंपनीच्या ऑफिसात गेले होते. धक्क्यावरचं ते. टाय लावलेला कारकून आहे, त्याच्या शर्टाची कॉलर आतून काळी होती, मला राहवलं नाही, मी सांगितलं त्याला. म्हणाला, काय काम आहे. समोर तुमच्या सगळ्यांच्या नावांचा फळा होता. तुझं नाव वरून चौथं. मला एवढंच सांगायचं होतं की या पोराच्या बापाला आणि भावाला असं असं झालंय. त्यानं तिथल्या तिथे खडूनं तुझ्या नावावर रेघ मारली असती. डॉक्टरीण म्हणाली, हे कळलं तर कुठलीच कंपनी तपासल्याशिवाय पाण्यात पाठवणार नाही.

तोंड उघडलं होतं मी. आणि म्हणाले, होडी कधी जाते, पत्र द्यायचंय.

का ते सांगते. ते काम तू स्वतः मिळवलंस. माझ्या शब्दाशिवाय मिळवलंस आणि त्यात तू खुश आहेस, फोनवरच्या आवाजावरून कळतं. तुला न विचारता ते काढून घेतलं तर मी परत तीच, पाठीला पाय लावून गाठ मारणारी. या वेळी आधी विचारते. माझ्याच्यानं बाहेर उभं राहून नुसतं विचारणं होत नाही, हात शिवशिवतात, कालपासून नर्सच्या तीन चादरी काढून परत घातल्या मी. पण विचारते.

सोबत डॉक्टरणीची चिठ्ठी आहे. तिचं अक्षर माझ्याहून वाईट आहे, तेव्हा माझ्यावर हसू नकोस. ती इथे कुठल्याही दिवशी तुझा फोटो काढून द्यायला तयार आहे. धाकट्याच्या शेजारचा पलंग रिकामा आहे, तिथे बस, मी दुपारी चार तास लाँड्रीत असते, त्या वेळात ये आणि जा, माझं तोंड बघावं लागणार नाही. फोटो स्वच्छ निघाला तर जा तुझ्या खांबांकडे, मी एक शब्द बोलणार नाही. निघाला नाही तर काय करायचं ते तुझं तू ठरव. पण बघून ठरव.

मला पत्र लिहायला नको. चिठ्ठीच्या मागे 'येतो' किंवा 'येत नाही' लिही आणि होडीवाल्याकडे दे. एका शब्दाला तुझं काही जात नाही.

होडी मंगळवारी हे घेऊन निघेल आणि शुक्रवारी पाचला परत लागेल. मी धक्क्यावर असेन. चिठ्ठीत 'येत नाही' असेल, किंवा होडीतून चिठ्ठीही उतरली नाही आणि तूही नाही, तर ते ऑफिस सहापर्यंत उघडं असतं आणि मी आत जाईन. फळ्यावरचं तुझं नाव मी माझ्यासमोर पुसायला लावीन. मग तू मला जन्मात आई म्हणू नकोस. नाहीतरी तीन वर्षं कुठे म्हणतोयस, मला सवय आहे. तू वर कुठेतरी चालता बोलता असलास की मला चालेल.

आत्ता बाटलीत बघून आले. धाकटा खोकला, दोनच आले.

शुक्रवार, पाच वाजता.

तुझी
आई